शॉकअपची सायकल की साध्या चिमट्याची?

चिरंजीव सातवी-आठवीत गेले, किंवा मुलीचा क्लास घरापासून लांब पडू लागला, की घरात सायकलचा विषय निघतोच. आणि हल्ली हा विषय निघाला, की मुलांच्या तोंडी पहिला शब्द असतो 'शॉकअप'. आईला हवी असते दणकट, बेताच्या किमतीची आणि सारखी दुरुस्ती न मागणारी सायकल. वडील म्हणतात, "गिअरची नको, रोज तिचं काहीतरी निघतं." मग घरादाराची तडजोड होते ती बिनगिअरच्या, जाड टायरच्या माउंटन बाइकवर.

इथपर्यंत सगळं सुरळीत जमतं. खरी पंचाईत होते दुकानात. तिथे दोन सायकली शेजारी शेजारी उभ्या असतात. एकीचा पुढचा चिमटा साधा, सरळ, लोखंडी. दुसरीच्या चिमट्यात स्प्रिंगा, वर चकचकीत नळ्या आणि रंगीत पट्टे. मुलांची नजर कुठे जाते हे सांगायला नकोच. दुकानदारही म्हणतो, "ताई, साधी आजकाल कोण घेतं? शॉकअपची घ्या, खड्डे जाणवणारच नाहीत." आपल्याला त्यातलं काही कळत नाही, म्हणून आपण पर्स उघडतो.

प्रश्न फक्त मुलांचाच आहे असंही नाही. पस्तिशी-चाळिशी उलटल्यावर पुन्हा सायकल हाती घेणाऱ्या बायका आता गावोगाव दिसतात. सकाळी डबे झाले की तासभर टेकडीकडे किंवा कालव्याच्या कच्च्या रस्त्याने चक्कर मारायची, एवढाच त्यांचा बेत. त्यांनाही दुकानात हाच प्रश्न पडतो. तेव्हा हे प्रकरण एकदा नीट समजून घेतलेलं बरं. त्यात अवघड काही नाही.

चिमटा म्हणजे काय, आणि शॉकअप करतो काय?

पुढचं चाक ज्या दोन पायांमध्ये बसवलेलं असतं तो भाग म्हणजे चिमटा; इंग्रजी शिकलेली मुलं त्याला फोर्क म्हणतात. साधा चिमटा म्हणजे एकसंध लोखंड. त्यात हलणारं काही नाही. शॉकअपच्या चिमट्यात मात्र एका नळीत दुसरी नळी सरकते आणि आत स्प्रिंग किंवा कोंडलेली हवा असते. चाक दगडावर चढलं की नळी आत सरकते, म्हणजे हिसका हातापर्यंत पोचण्याआधी थोडा जिरतो.

पण एक गोष्ट दुकानात कोणी सांगत नाही. नुसती स्प्रिंग घालून भागत नाही. दाबलेली स्प्रिंग तितक्याच जोराने उसळते. ती उसळी सावकाश व्हावी म्हणून चांगल्या शॉकअपमध्ये तेल असतं. बारीक भोकांतून ते तेल जाताना वेळ लागतो आणि उसळी मंदावते. स्वस्त शॉकअपमध्ये हे तेलाचं काम बहुधा नसतंच. त्यामुळे खड्ड्यात चाक गेलं की हँडल आधी खाली जातं आणि मग चेंडूसारखं वर येतं. त्याला आराम म्हणायचा की हेलकावा, हे ज्याचं त्याने ठरवावं.

पहिला शॉकअप म्हणजे टायर

हिसके जिरवण्याचं मोठं काम सायकलमध्ये केलं ते हवेने. जॉन बॉइड डनलॉप हे मूळचे स्कॉटलंडचे, बेलफास्टला राहणारे जनावरांचे डॉक्टर. त्यांच्या मुलाच्या तीनचाकीला भरीव रबराची चाकं होती आणि दगडी रस्त्यावर पोराला ती फार आदळायची. म्हणून बापाने रबरी नळीत हवा भरून ती चाकाला बसवली. १८८८ साली त्यांनी त्याचं पेटंट घेतलं. एका मुलाचे हाल कमी व्हावेत म्हणून केलेली ही युक्ती पुढे जगभर चालली.

पुढे १९३३ साली अमेरिकेत श्विन कंपनीने सव्वादोन इंचांच्या आसपास रुंदीचे, फुग्यासारखे जाड टायर मुलांच्या सायकलींना लावले. आज आपण ज्याला माउंटन बाइकचा टायर म्हणतो, त्याचा हाच पूर्वज. टायर जितका जाड तितकी त्यात हवा कमी दाबाने ठेवता येते, आणि तितका तो खडा-मुरूम पोटात घेतो. साध्या चिमट्याच्या जाड टायरच्या सायकलला 'बिनशॉकअपची' म्हणतात खरं, पण दोन शॉकअप तिच्या चाकांवरच चढवलेले असतात.

माउंटन बाइकचं माहेर

अमेरिकेत कॅलिफोर्निया राज्यात, सॅन फ्रान्सिस्कोच्या उत्तरेला मरिन नावाचा जिल्हा आहे. तिथे टॅमल्पायस नावाचा डोंगर आहे. १९७० नंतरच्या दशकात तिथल्या काही तरुण मंडळींनी भंगारातून १९३०-४० च्या सुमाराच्या जुन्या श्विन सायकली उचलल्या आणि त्या घेऊन ही मंडळी डोंगरउतारावरून सुटू लागली. २१ ऑक्टोबर १९७६ रोजी त्यांनी पहिली शर्यत लावली. जवळजवळ सव्वातीन किलोमीटरचा, तीव्र उताराचा कच्चा रस्ता. पायडल मागे दाबून लागणारे ते जुने ब्रेक उतरताना इतके तापायचे की आतलं ग्रीस जळून जायचं आणि दर खेपेला नव्याने भरावं लागायचं. या पुन्हा भरण्यावरूनच शर्यतीचं नाव पडलं 'रिपॅक'.

या मंडळींत वेंडी क्रॅग नावाची एक तरुणी होती. बऱ्याच वेळा त्या घोळक्यात ती एकटीच स्त्री असे. ती तशीच अवजड सायकल घेऊन डोंगर चढे-उतरे आणि वर फोटोही काढी. त्या दिवसांची छायाचित्रं आज पाहायला मिळतात, त्यांतली पुष्कळशी तिचीच. पुढे जॅकी फेलन हिने १९८३ ते १९८५ अशी सलग तीन वर्षं अमेरिकेतलं माउंटन बाइकचं राष्ट्रीय विजेतेपद मिळवलं. बायकांनी भीड सोडून सायकलवर बसावं म्हणून तिने त्याच दशकात एक मंडळही काढलं. मंडळाचं नाव काय, तर 'विमेन्स माउंटन बाइक अँड टी सोसायटी'! सायकलही चालवायची आणि चहाही घ्यायचा. आपल्याकडच्या भिशी मंडळांनी मनावर घेण्यासारखी कल्पना आहे.

आता गंमत पाहा. रिपॅकच्या पहिल्यावहिल्या सायकली बहुतेक एकाच गिअरच्या होत्या आणि त्यांना शॉकअप नव्हता. फेलनबाईंनी विजेतेपदं मिळवली तेव्हाही माउंटन बाइकला शॉकअप मिळत नव्हता. रॉकशॉक्स कंपनीचा पहिला फोर्क बाजारात आला तो १९८९ साली. तो जेमतेम दोन इंच सरकायचा. पुढच्याच वर्षी, १९९० साली, कोलोरॅडोतल्या डुरँगो गावी पहिली अधिकृत जागतिक स्पर्धा झाली. तिथली उताराची शर्यत ग्रेग हर्बोल्डने हाच फोर्क लावून जिंकली आणि मग शॉकअपचा बोलबाला झाला. भरधाव उतार उतरणाऱ्याला शॉकअपचा उपयोग होतो, ही गोष्ट तेव्हाच सिद्ध झाली. त्याबद्दल वाद नाही. आपल्याला विचार करायचा आहे तो क्लासला जाणाऱ्या मुलीचा आणि सकाळी चक्कर मारणाऱ्या आईचा.

एकच गिअर असला की

बिनगिअरच्या सायकलची चढावर एक खोड असते. गिअर हलका करण्याची सोय नाही, म्हणून चढ आला की सीटवरून उठून, हँडल धरून, एकेका पायावर सगळं वजन टाकत पायडल मारावं लागतं. ज्यांनी लहानपणी गावातला चढ सायकलने चढलाय, त्यांना हे सांगायला नको.

असं उभं राहिलं की अंगाचा भार पुढे, थेट चिमट्यावर येतो. चिमटा साधा असेल तर हातापायांचा जोर सायकल पुढे नेण्यात जातो. शॉकअपचा असेल, तर दर पायडलला पुढची बाजू खाली बसते आणि वर येते. पायातला थोडा जोर पुढे जायला लागतो आणि थोडा ती स्प्रिंग दाबायला. गिअरवाला बसून हलकेच चढेल, त्याला हे फारसं जाणवत नाही. बिनगिअरवाल्याला मात्र प्रत्येक चढावर जाणवतं. महागड्या शॉकअपला म्हणूनच एक खटका असतो. तो फिरवला की शॉकअप तात्पुरता बंद होतो. स्वस्तात हा खटका बहुधा नसतो.

दुसरी गोष्ट वजनाची. साधा पोलादी चिमटा साधारण एक-सव्वा किलोचा. स्वस्त स्प्रिंगवाला दोन-अडीच किलोचा, कधी त्याहून जास्त. म्हणजे भरलेली लिटर-सव्वा लिटर पाण्याची बाटली कायमची पुढे टांगलेली. अशा सायकली मुळातच पंधरा-सोळा किलोंच्या पुढे असतात. तीस-बत्तीस किलोच्या मुलाला निम्म्या वजनाची सायकल ओढायला लावायची आणि त्यात आणखी भर घालायची, हे नाकापेक्षा मोती जड झालं!

त्यातून या स्प्रिंगा बहुधा मोठ्या माणसाच्या वजनाच्या हिशेबाने केलेल्या असतात. हलकं मूल बसलं तर ती दबतच नाही. म्हणजे वजन शॉकअपचं वाहायचं आणि हिसके मात्र साध्या चिमट्यासारखे खायचे. दुधाची किंमत मोजून ताक घरी आणण्यातलाच हा प्रकार.

आणि याचा शेवट काय होतो, तो आपण सोसायटीच्या जिन्याखाली पाहतोच. जड, कुरकुरणारी, चढावर दमवणारी सायकल मुलं चार महिने चालवतात आणि मग तिच्यावर धूळ बसते. सायकल शॉकअपवाली नाही म्हणून रुसलेलं मूल दोन दिवसांत रुसवा विसरतं. पण दमवणाऱ्या सायकलकडे ते पुन्हा वळत नाही. आपलंही तसंच. सकाळची चक्कर एकदा नकोशी झाली, की 'आज पाठ दुखतेय', 'आज पाहुणे आहेत' अशी कारणं आपोआप सुचतात.

मग शॉकअप कोणी घ्यावा?

शॉकअप मुळातच वाईट, असा याचा अर्थ नाही. तो कुणाला उपयोगी, हे पाहा.

गावातले रस्ते, स्पीडब्रेकर, चार खड्डे, शाळा, क्लास, भाजी एवढंच असेल, तर साधा चिमटा आणि जाड टायर घ्यावेत. कालव्याचा रस्ता, मुरमाची पायवाट, शेताचा बांध यांनाही साधा चिमटा पुरतो; फक्त दगड पाहून सायकल वळवायची आणि उतारावर वेग आवरायचा.

मुलगा किंवा मुलगी खरोखरच सह्याद्रीतल्या दगडधोंड्यांच्या वाटांवर जाणार असेल, तास-दोन तास उतार उतरणार असेल, तर शॉकअप उपयोगाचा. तिथे हाताला कमी शीण येतो आणि चाक दगडावरून उसळण्याऐवजी जमिनीला धरून राहतं, म्हणजे वळण आणि ब्रेक दोन्ही सुधारतात. पण मग तो तेलाची सोय असलेला, आपल्या वजनाप्रमाणे हवा भरता येणारा, चार-पाच इंच सरकणारा चांगला फोर्क हवा. असा एकटा फोर्क दोन-तीन साध्या सायकलींच्या किमतीत जातो. शिवाय त्याला दर पन्नास-एक तासांच्या वापरानंतर उघडून तेलपाणी करावं लागतं, आणि ते काम कोपऱ्यावरच्या पंक्चरवाल्याचं नव्हे. हा खर्च धरूनच निर्णय घ्यावा.

ज्यांच्या मनगटात किंवा खांद्यात दुखतं, अशा भगिनींनी आधी हँडलची उंची, मऊ मुठी आणि टायरमधली हवा या तीन गोष्टी सुधारून पाहाव्यात. पुष्कळदा तेवढ्याने बरं वाटतं. हाताला मुंग्या येतच राहिल्या, तर सायकलवाल्याऐवजी डॉक्टरांना हात दाखवावा.

थोडक्यात, चांगला शॉकअप आणि साधा चिमटा या दोन्ही शहाणपणाच्या निवडी आहेत. फसवते ती मधली वस्तू, म्हणजे दिसायला शॉकअप आणि कामाला नुसतं ओझं.

दुकानात करून पाहायच्या पाच गोष्टी

एक : पुढचा ब्रेक घट्ट दाबून धरा आणि हँडलवर अंगाचा भार टाका. शॉकअप सहज खाली जाऊन सावकाश वर यायला हवा. जातच नसेल, किंवा टुणकन उसळत असेल, तर तो शोभेचा समजा.

दोन : ब्रेक तसाच दाबून सायकल मागेपुढे हलवा. चिमट्यात खटखट आवाज आला किंवा नळ्या ढिल्या हलल्या, तर ती सायकल घेऊ नका. नवी असताना खटखटते ती पावसाळ्यानंतर काय करील?

तीन : शक्य असेल तर वरच्या चकचकीत नळीवर रबरबँड चढवा आणि खाली सरकवून ठेवा. ज्याला सायकल घ्यायची आहे त्याला एक चक्कर मारून येऊ द्या, एखाद-दुसऱ्या खड्ड्यातून मुद्दाम जाऊ द्या. रबरबँड किती वर सरकलं ते पाहा. बोटभरही सरकलं नसेल, तर त्या मुलाच्या वजनाला तो शॉकअप निरुपयोगी आहे.

चार : चिमटा उलटा बसवलेला नाही ना, ते बघा. घाईत जोडलेल्या सायकलींत असं होतं. दोन्हीकडून रिम दाबणारे ब्रेक असतील, तर ते चिमट्याच्या पुढच्या अंगाला यायला हवेत. उलट्या चिमट्याची सायकल वळताना दगा देते. तशी ताब्यात घेऊच नये.

पाच : दोन्ही सायकली एकामागून एक एका हाताने उचलून पाहा. वजनातला फरक समजायला काटा लागत नाही. आणि उचलण्याचं काम ज्याला जिना चढायचा आहे त्यालाच करू द्या.

टायरमधली हवा

साध्या चिमट्याची सायकल आदळते अशी तक्रार आली, की दहांतल्या आठ वेळा दोष हवेचा निघेल. सायकलवाला सवयीने टायर दगडासारखा टणक भरतो. टायरच्या कडेला छापलेला मोठा आकडा ही शेवटची मर्यादा असते. तिथपर्यंत भरायलाच हवी असं नाही. दोन इंच रुंदीच्या टायरला पन्नास-साठ किलोच्या माणसासाठी कच्च्या रस्त्यावर तीस ते पस्तीसच्या आसपास हवा पुरते. पुढच्या चाकात मागच्यापेक्षा थोडी कमी ठेवावी, कारण भार मागे जास्त असतो. मात्र कडेला छापलेल्या खालच्या आकड्याच्या खाली जाऊ नये. फार कमी हवेत खड्ड्यात ट्यूब रिमखाली चेचली जाते आणि शेजारी शेजारी दोन भोकं पडतात.

आणि बसायची पद्धत. खड्डा दिसला की दोन्ही पायडल जमिनीला समांतर ठेवायचे, सीटवरून किंचित उठायचं, कोपर आणि गुडघे सैल वाकवायचे. देवाने दिलेले हे चार शॉकअप फुकट आहेत आणि त्यांना गंज चढत नाही. मुलांना सायकल शिकवतानाच हे शिकवावं.

घरात जुनी शॉकअपवाली असेल तर

पुष्कळ घरांत मोठ्याची सायकल धाकट्याकडे येते आणि तिचा शॉकअप गंजून घट्ट बसलेला असतो. अशा वेळी नवी सायकल घेण्याऐवजी साधा चिमटा बसवून घेता येतो. बसवताना उंची मात्र जुळवायची. शॉकअपवाला चिमटा उंच असतो. त्या जागी फार बुटका चिमटा आला, तर सायकल पुढे झुकते. साधारण दोन सेंटिमीटर उंची कमी झाली की हँडलच्या दांड्याचा तिरपेपणा एका अंशाने बदलतो, वळण चटपटीत होतं आणि पायडल जमिनीच्या जवळ येतात. म्हणून चाकाच्या आसापासून चिमट्याच्या खांद्यापर्यंतचं माप टेपने घ्या आणि त्याच्या जवळचा चिमटा मागा. शॉकअपच्या जागी बसावेत म्हणून मुद्दाम उंच केलेले साधे चिमटेही मिळतात. सोबत दोन गोष्टी तपासा : हँडलमध्ये जाणाऱ्या नळीची जाडी तीच आहे ना, आणि तुमचे ब्रेक, मग ते रिमचे असोत की डिस्कचे, नव्या चिमट्यावर बसतील ना.

निगा

साध्या चिमट्याला फारशी निगा लागत नाही. रंग उडाला तिथे गंज धरू नये एवढं पाहावं, आणि पडझड झाल्यावर कुठे वाक किंवा चीर नाही ना, ते उजेडात बघावं. वाकलेला चिमटा ठोकून सरळ करून घेऊ नये, बदलावा. हे काम जिवाशी आहे.

शॉकअपवाली असेल तर पावसाळ्यात घरी आल्यावर चकचकीत नळ्या कोरड्या फडक्याने पुसाव्यात. लाल चिखल तिथे वाळला की आतल्या रबरी कड्या खातो. नळ्यांवर पाण्याचा जोरदार फवारा मारू नये. पाणी आत शिरतं आणि गंज आतून सुरू होतो.

राहता राहिले पैसे. साध्या चिमट्याची सायकल घेऊन जे वाचतील, ते बचतीच्या डब्यात टाकू नका. त्यातून चांगलं हेल्मेट घ्या, चांगल्या प्रतीचे ब्रेकचे रबर बसवून घ्या, टायर चांगले घ्या, पुढे-मागे दिवा लावा. आणि मुलाने विचारलं, "मित्रांच्या सायकलला शॉकअप आहे, माझ्याच का नाही?" तर त्याला रिपॅकची गोष्ट सांगा. एकाच गिअरच्या, साध्या चिमट्याच्या सायकली घेऊन त्या मंडळींनी आख्खा डोंगर उतरला होता म्हणावं. मग चढावर कोण आधी वर पोचतो, ते मित्रांनाच विचार.